दगावणे : एका क्रियापदाचं वाचन

आमच्या घराण्याचा कुळवृत्तान्त छापून झाला तेव्हा त्याची एक प्रत रायपूरलाही आली. काही मराठी घरं भोसल्यांच्या काळात नागपूरकडून छत्तीसगडात आली, काही पुढे इंग्रजी अमदानीत कचेरीच्या आणि रेल्वेच्या नोकरीसाठी. आमचं घर दुसऱ्या प्रकारातलं. पणजोबांच्या नोंदीत त्यांच्या परीक्षा, बदल्या, बढती, काशीयात्रा, सगळं सालवार दिलेलं आहे. मध्येच एक वाक्य येतं : ‘पहिले कुटुंब प्रथम प्रसूतीत दगावले.’ त्याला साल नाही, नाव नाही. लगेच दुसऱ्या कुटुंबाचं माहेर, नाव, अपत्यं.

बायकोला ‘कुटुंब’ म्हणायची त्या काळची रीत होती, तेव्हा नपुंसकलिंगाचं मला फार वाटलं नाही. अडकलो तो क्रियापदाशी. दगावणे. रोगी दगावतो, मूल दगावतं, बैल दगावतो, बाळंतीण दगावते. या वाक्याचा कर्ता नेहमी मरणारा असतो. सुईण उशिरा आली, घरच्यांनी दोन दिवस वाट पाहिली, नदीला पूर होता, डॉक्टर नव्हता किंवा होता आणि आला नाही, यांपैकी कशालाही त्या वाक्यात शिरायला जागा नाही. उलट शब्दात दगा आहे, आणि तो जणू मरणाऱ्यानेच दिलेला. व्युत्पत्तीचा आग्रह मी धरत नाही. बोलणाऱ्याच्या मनात प्रत्येक वेळी दगा असतो असंही नाही. पण शब्द निवडताना भाषा आपल्या आधी काही निवडून बसलेली असते, एवढं तरी समीक्षेनं म्हणायला हवं.

या शब्दाची भावंडंही तशीच आहेत. ‘पोट पडलं’ यात पोट आपणहून पडतं. मेलेलं मूल जन्माला आलं की सरकारी नोंदवहीत त्याला ‘उपजत मृत्यू’ म्हणतात. प्रतिभेला लावायचं विशेषण तिथे कसं पोचलं असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. शिवाय ‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ हे आहेच. ते कौतुकानं म्हटलं जातं, पण दुसरा जन्म मिळणं हे नशिबाचं काम, आणि नशीब लिहिणार सटवाई. म्हणजे चौकशी करायची तर ती सहाव्या रात्री येऊन गेलेल्या देवीची.

रायपुरात बसून या शब्दाकडे पाहिलं की तो जरा जड लागतो. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८–२० च्या आकड्यांनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू महाराष्ट्रात ३३, देशात ९७ आणि छत्तीसगडात १३७. गोंदियाहून गाडी सुटली की दरेकसाचं जंगल ओलांडून डोंगरगड येईपर्यंत फार वेळ लागत नाही. तेवढ्या अंतरात बाळंतिणीच्या मरणाची शक्यता चौपट होते, असं हा तक्ता म्हणतो. तक्ता खोटा नाही, पण त्यात एक रकाना नाही. जात किंवा जमात कोणती, हे तो विचारत नाही. महाराष्ट्राच्या ३३ मध्ये पुण्याची बाळंतीण आणि गडचिरोलीची माडिया बाळंतीण एकत्र मोजलेल्या आहेत, आणि आपल्या १३७ मध्ये रायपूरच्या शंकरनगरची सून आणि मैकल डोंगरातली बैगा बाई. सरासरी ही फार सभ्य गोष्ट आहे. ती कुणाकडे बोट दाखवत नाही.

अमेरिकेत तो रकाना आहे. मृत्यूच्या दाखल्यावर वंश लिहिला जातो. त्यामुळे २०२३ साली तिथे एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय माता ५०.३ आणि गौरवर्णीय माता १४.५ या प्रमाणात मेल्या, हे तिथलं सरकारच सांगतं. त्या आकड्यावर चळवळ उभी राहिली, कविता आणि आत्मकथनं लिहिली गेली, गर्भ गमावलेल्या कृष्णवर्णीय बायका उघडपणे बोलू लागल्या. आपल्याकडची विषमता लहान नाही, पण तिच्या नावाचा रकानाच नाही. साहित्याला याचा फरक पडतो का? पडतो. मोजलंच नाही तेव्हा एकेक मरण सुटं राहतं, आणि सुट्या मरणावर फक्त विलाप लिहिता येतो.

अर्थात रकाना असला म्हणजे ऐकून घेतलं जातं असं नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्सनं २०१७ मधल्या आपल्या बाळंतपणाची हकिगत पुढच्या वर्षी जाहीरपणे सांगितली. सिझेरियनच्या दुसऱ्या दिवशी तिला श्वास पुरेना. फुफ्फुसात गुठळ्या होण्याचा त्रास तिला आधीपासून होता, म्हणून सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करणारं औषध हवं, हे तिनं स्वतःच नर्सला सांगितलं. वेदनाशामकांमुळे ती गोंधळली असावी असं नर्सला वाटलं. आधी पायांची सोनोग्राफी झाली, तीत काही निघालं नाही. मग स्कॅन केलं, तेव्हा गुठळ्या सापडल्या. जगातली सर्वांत प्रसिद्ध खेळाडू, पैशाला तोटा नाही, आणि तरीही तिचं वाक्य पहिल्या खेपेला ऐकलं गेलं नाही. सेरेना वाचली म्हणून ती हकिगत आपल्यापर्यंत आली. दगावलेल्या बाईची हकिगत नेहमी दुसरं कुणीतरी सांगतं, आणि समीक्षेचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मराठीपुरतं बोलायचं तर ही गोष्ट आनंदीबाई जोशींपासून सुरू करावी लागते. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, मुलगा दहा दिवस जगला. त्या दहा दिवसांनी त्यांना डॉक्टर व्हायला लावलं, असं आपण शाळेपासून ऐकतो. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत वारल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र, आणि त्याचा आधार जुने संस्कृत ग्रंथ. परक्या देशात, परक्या भाषेत, वीस वर्षांची मुलगी आपल्या समाजाची बाजू मांडते आहे. तिची अडचण मला कळते. पण शीर्षकातला ‘आर्य’ हा शब्द कोणत्या बाळंतिणींना आत घेतो आणि कोणत्यांना दाराबाहेर ठेवतो, हेही दिसल्याशिवाय राहत नाही. ज्या सुइणी शतकानुशतकं इथल्या बाळंतिणींची नाळ कापत आल्या त्या बहुतेक त्या ‘आर्यां’च्या अंगणाबाहेर राहणाऱ्या होत्या.

त्याच महाविद्यालयातून आनंदीबाईंच्या एकोणीस वर्षं आधी, १८६७ साली, रिबेका कोल ही कृष्णवर्णीय बाई डॉक्टर झाली होती. तिनं न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या गरीब वस्त्यांत काम केलं. कृष्णवर्णीय लोक क्षयानं जास्त मरतात ते आरोग्याच्या अज्ञानामुळे, असं मत पुढे डू बॉइससारख्या विचारवंतानं मांडलं तेव्हा तिनं ते खोडून काढलं. बोट तिनं वळवलं ते कोंदट खोल्यांतून भाडं उकळणाऱ्या घरमालकांकडे. आनंदीबाईंच्या आपल्याकडच्या चरित्रांत, नाटकांत, चित्रपटांत कोलबाईंची सावली कुठे पडल्याचं मला आठवत नाही. पण ‘अज्ञानानं मेल्या’ हे वाक्य मला पुढे लागणार आहे, म्हणून त्यांना इथे आणून ठेवलं.

बाळंतिणीच्या मरणाला दुसरं व्याकरण मराठीत मिळालं ते बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये. १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. महारवाड्यातल्या बाळंतपणाची त्यातली पानं ज्यानं वाचली तो ती विसरत नाही. कोवळी पोर, चिंध्यांचं अंथरूण, अडलेली कूस, अनुभवाच्या जोरावर हात घालून पाहणाऱ्या बाया, आणि सगळ्यांत वर भूक. बाळंतिणीला खायला नाही. घरात जे मागून आणलेलं असेल त्याची पेज, तीही असेल तर. पोटातली आग कळू नये म्हणून ती फडकं आवळून पडून राहते.

या पानांबद्दल आपल्याकडे ‘दाहक’, ‘विदारक’, ‘अंगावर येणारं’ अशी विशेषणं वापरायची सवय आहे. मीही एकेकाळी वापरली. आता ती मला पळवाटा वाटतात. दाहक म्हटलं की वाचणारा भाजतो आणि लिहिणारीचं म्हणणं बाजूला राहतं. बेबीताईंचं म्हणणं अगदी नेमकं आहे. त्यांच्या वाक्यांत कर्ता दिसतो. कधी भूक, कधी सासू, कधी गावाचा शिरस्ता, कधी रूढी. बाळंतीण मेली तर कशानं मेली हे तिथे लिहिलेलं असतं. त्यांच्या गद्याचं सामर्थ्य मला करुणेपेक्षा या कारणांच्या नोंदीत दिसतं.

त्यांच्यावर एक आक्षेप नेहमी येतो : हे आत्मचरित्र कमी आणि समाजवर्णन जास्त आहे, ‘मी’ कमी आणि ‘आम्ही’ जास्त. आक्षेप बरोबर आहे, पण तो उणेपणा नाही. जो रकाना सरकारी तक्त्यात नाही तो बेबीताईंनी ‘आमुचं’ या एका शब्दात आखला. एकीचं पोट पडलं तर ते नशीब. आळीतल्या घरोघरी तेच होत असेल तर त्याला दुसरं नाव शोधावं लागतं.

एक जागा मात्र मला अडवते. बेबीताई अज्ञानाला आणि अंधश्रद्धेला फार दोष देतात. आंबेडकरी चळवळीत घडलेल्या त्या पिढीला ते स्वाभाविकच होतं. जुनी घाण स्वतःच्या हातानं उपसायची होती. पण ‘अज्ञानानं मेल्या’ हे वाक्य कुणाच्या तोंडी आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. बेबीताई म्हणतात तेव्हा हे अज्ञान आमच्यावर लादलं, असं पुढचं वाक्य त्यात गृहीत असतं. सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर तेच वाक्य म्हटलं जातं तेव्हा पुढचं वाक्य नसतं, फक्त हात झटकणं असतं. कोलबाईंनी हेच ओळखलं होतं.

आणखी एक. दुसऱ्या बायांची बाळंतपणं इतकी उघडी करून सांगणाऱ्या या पुस्तकात बेबीताईंचा स्वतःचा संसार फार थोडा आहे. नवऱ्याची मारहाण आणि कितीतरी वर्षं त्याच्यापासून कागद लपवून केलेलं लिखाण, हे आपल्याला कळतं ते माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीतून. ‘आम्ही’नं जे बोलायला दिलं ते ‘मी’नं गिळलं. मला याचा दोष काढायचा नाही, पण नोंद घ्यायची आहे.

रणजित गुहांचा ‘चंद्राज् डेथ’ हा १९८७ चा निबंध यासोबत वाचावा. १८४९ च्या सुमाराचं बीरभूम, बागदी जातीची विधवा चंद्रा, पोटात नको असलेला गर्भ. आई औषध मिळवते, बहीण ते पाजते, चंद्रा मरते. कोर्टाच्या दप्तरात हा खून ठरतो. गुहा ते जबानीचे तुकडे पुन्हा वाचतात आणि त्यांना त्यात एका अडलेल्या बाईला वाचवायला जमलेल्या बायका दिसतात. वाचन पोलिसांच्या नजरेनं करायचं की आईच्या, एवढाच फरक. आपल्याकडे कुळवृत्तान्तांचे ढीग पडले आहेत. त्यांचं असं वाचन कुणी केलेलं मला ठाऊक नाही.

आता रायपूरहून दक्षिणेला, दल्ली राजहऱ्याला जाऊ. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणारं हे खाणींचं गाव. खाणीत दोन तऱ्हेचे मजूर होते : कायम आणि ठेकेदाराचे. दवाखाना होता, पण त्याचं दार दोघांना सारखं उघडत नव्हतं. ठेकेदाराच्या मजुरांनी शंकर गुहा नियोगींच्या सोबतीनं संघटना उभी केली. तिची उपाध्यक्ष होती कुसुमबाई. ऐंशी सालाच्या तोंडावर बाळंतपणात ती मेली. तिला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, असं संघटनेचं म्हणणं होतं. हजारो मजूर दवाखान्यासमोर जमले. मोडतोड होईल अशी सगळ्यांना धास्ती होती. त्यांनी ती केली नाही. आपलं प्रसूतिगृह आपण बांधू, अशी शपथ घेतली. त्यातून मजुरांच्या श्रमानं आणि वर्गणीनं ३ जून १९८३ रोजी शहीद अस्पताल सुरू झालं. तारीख मुद्दाम निवडलेली. १९७७ च्या जूनमध्ये गोळीबारात मारल्या गेलेल्या मजुरांची ती आठवण. विनायक सेन, आशिष कुंडू, सैबल जाना यांच्यासारखे डॉक्टर तिथे आले आणि मजुरांच्या मुलामुलींना त्यांनी आरोग्यसेवक म्हणून घडवलं.

‘कुसुमबाई दगावली’ असं कुणी म्हटलं असेल तर ते टिकलं नाही. तिच्या मरणाच्या वाक्यात दवाखाना आला, ठेकेदारी आली, दोन तऱ्हेची मजुरी आली. क्रियापद बदललं आणि इमारत उभी राहिली. मराठीतल्या एखाद्या कादंबरीनं एवढं केल्याचं मला आठवत नाही.

तरी समीक्षकाची खोड जात नाही. ही हकिगत मी डॉक्टरांच्या आठवणींत वाचली आहे, कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकली आहे. दर वेळी तिचा आकार तोच : कुसुमबाई पहिल्या एक-दोन वाक्यांत मरते आणि पुढची पानं इस्पितळाची. ती कशी बोलायची, उपाध्यक्ष म्हणून तिनं काय काय केलं, कितवं बाळंतपण होतं, मूल वाचलं का, यातलं मला काही सापडलेलं नाही. आमच्या कुळवृत्तान्तात पहिलं कुटुंब एका वाक्यात जातं आणि पुढची वंशावळ सुरू होते. इतक्या वेगळ्या प्रेरणेनं रचलेल्या या कथेतही बाईच्या वाट्याला वाक्य तेवढंच आलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण त्या इस्पितळाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

पुढचे शब्द वर्तमानपत्रांनी दिले. २०१२ साली इथे ‘गर्भाशय कांड’ गाजलं. आरोग्यविम्याच्या पैशासाठी खाजगी दवाखान्यांनी गरज नसताना गर्भाशयं काढल्याचे आरोप झाले. ८ नोव्हेंबर २०१४ ला बिलासपूरजवळ पेंडारीच्या शिबिरात एका सर्जननं काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या शिबिरातल्या आणि पाठोपाठ गौरेल्याला झालेल्या शिबिरातल्या मिळून तेरा बायका मेल्या. बऱ्याच जणींची मुलं अंगावर पिणारी होती. त्याचं झालं ‘नसबंदी कांड’. हिंदीत कांड म्हणजे कुप्रसिद्ध घटनाही आणि ग्रंथाचा अध्यायही, आणि अध्याय संपतोच. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली देविका बिस्वास खटल्यात तीन वर्षांत अशी शिबिरं बंद करायला सांगितलं. तो निकाल साहित्यात जमा होत नाही, पण शिबिर हा शब्द आपण किती निरागसपणे वापरतो हे त्यामुळे मला उमगलं. नेत्रशिबिर, काव्यशिबिर, नसबंदी शिबिर.

मराठी वाचकानं यावर ‘तिकडचं’ म्हणून मान हलवू नये. बीडच्या ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली तेव्हा सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्या म्हणतात ‘पिशवी काढली’. बाजारात न्यायची वस्तू वाटावी असा हा शब्द, आणि कोयत्याचा एक दिवस बुडाला की दंड भरावा लागणाऱ्या बाईला तो नेमका बसतो. गर्भारपणातही फडावर मोळ्या वाहायच्या, पोट पडलं तरी चार दिवसांनी पुन्हा फड. ऊसतोडीवर आपल्याकडे कथा-कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, पण त्यांत पडलेल्या पोटांचा हिशेब मला फार कुठे दिसला नाही.

हिशेब ठेवायचा तर आधी ऐकावं लागतं. डॉ. राणी बंग यांनी आपल्या पुस्तकाला ‘कानोसा’ हे नाव दिलं तेव्हा गडचिरोलीच्या बायकांकडून त्या काय शिकल्या हे शीर्षकातच आलं. कानोसा उघड्या आवाजाचा घेत नाहीत, दाराआडच्या हालचालीचा घेतात. १९८९ साली त्यांचा आणि अभय बंग यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यांनी दोन खेड्यांतल्या बायका तपासल्या होत्या आणि शेकडा ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. २००१ साली महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर आलेल्या अहवालाला मात्र ‘कोवळी पानगळ’ हे नाव मिळालं. त्या नावानं विधिमंडळ हललं, हे खरं. पण पानगळ ऋतूची असते. कोवळं पान गळावं हे ऋतूविरुद्ध आहे, असा त्यातला विरोध मला कळतो. तरीही रूपक झाडाचंच राहतं, आणि झाडाला जाब विचारता येत नाही. ‘कानोसा’ हे मला जास्त चांगलं शीर्षक वाटतं.

छत्तीसगडला तसा एक शब्द सापडला होता. २००२ साली राज्यानं गावोगावी आरोग्यसेविका निवडल्या आणि त्यांना नाव दिलं मितानिन. इथे दोन माणसं विधिपूर्वक मितान होतात, जात ओलांडून होतात, आणि ते नातं रक्ताच्या नात्याइतकं पाळतात. तीन वर्षांनी देशभर सुरू झालेल्या ‘आशा’ योजनेच्या आखणीत या अनुभवाचा वाटा मोठा होता. नाव मात्र इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलं.

आमच्या गल्लीमागच्या वस्तीतल्या मितानिनबाईंना मी एकदा ‘जिणं आमुचं’मधली बाळंतपणाची पानं मोडक्या छत्तीसगढीत सांगितली. इथे बाळंतपणाला जचकी म्हणतात. त्यांनी मध्ये कुठेही ‘अरेरे’ म्हटलं नाही. त्या प्रश्न विचारत गेल्या : कळा किती वेळ चालल्या, पाणी कधी फुटलं, तिथून दवाखाना किती कोस, गाडी कुणाकडे होती, सासूनं नेऊ दिलं का. साहित्याच्या चर्चासत्रांत या पानांवर मी पुष्कळ ऐकलं आहे. असे प्रश्न ऐकले नव्हते.

ते प्रश्न घेऊन मी घरच्या एका वाक्याकडे परत गेलो. नागपूरच्या आत्याला फोन केला. पहिल्या पणजीबद्दल तिला इतकंच माहीत होतं की ती चौदा-पंधराची होती, आणि बाळंतपणाला माहेरी नेऊ दिलं नव्हतं. नाव? तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाली, माळ्यावर ते तांब्याचं घंगाळ आहे ना, ते तिच्या लग्नातलं, त्यावर मामांनी नाव घालून घेतलं होतं, बघ.

घंगाळ उतरवलं. काठाखाली अक्षरं आहेत. ‘चि. सौ. कां.’ एवढं स्वच्छ लागतं, शेवटी ‘मामांकडून’ आणि साल. मधली तीन-चार अक्षरं चार पिढ्यांच्या चिंचेनं आणि राखेनं घासली गेली आहेत. उजेडात तिरपं धरलं की पहिल्या अक्षराचा काना दिसतो.